घरचा सर्व्हर आन् तीन भाषांतली हजेरी

हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या, एकदा सांगाय लागले की मधी थांबू द्यायची न्हाई मी. असला गाढवपणा केलाय बगा, आन् तोही शहाणपणाच्या भरात!

मी हळ्ळीखेडात ऑनलाइन सेंटर चालवते. दाखले, पीकविमा, परीक्षेचे फॉर्म, सगळं भरून देते. समोर बसलेला माणूस रोज काय म्हणतो?

"अक्का, पासवर्ड इसरलो."

"जेवायचं इसरतोस का रे कधी?"

"न्हाई."

"मग हेच कसं इसरतंय?"

घरात तरी काय वेगळं? सासरे म्हणजे आमचे अप्पा, सासूबाई, माझे मालक, दीर आन् त्याची बायको महादेवी. पाच माणसं, पाच मेल, आन् पाचही पासवर्ड माझ्या डोक्यात! त्यात त्या फुकट मेल देणाऱ्या कंपन्या. आपली पत्रं त्यांच्या घरात ठेवायची, वर त्यांच्या जाहिराती बघायच्या. मी म्हणलं, थू असल्या फुकटावर! आपली टपाल आपल्या घरात.

झालं. सेंटरातला जुना कंप्युटर घरी आणला, देवघराच्या शेजारच्या कोनाड्यात बसवला, इन्व्हर्टर जोडला. त्याचाच मेलचा सर्व्हर केला, इंटरनेटवर घराच्या नावाचा पत्ता विकत घेतला, सगळ्यांना एकेक मेल दिला आन् जुने सगळे माझ्या हातानं बंद करून टाकले.

मालक म्हणले, "अगं, हे कामून करायलीस? कुणीच करत न्हाई असलं."

"कुणाला येत न्हाई म्हणून करत न्हाईत!"

पहिले चार दिवस काय थाट! अप्पांनी ओसरीवरनं स्वयंपाकघरात मेल टाकला, 'चहा.' तो मला पोचेपर्यंत अप्पा आत येऊन, चहा पिऊन, पेपर घेऊन परत ओसरीवर गेलेले. मी म्हणलं, सुरुवात हाय, होईल वेगात.

मग कचरा यायला लागला. तुम्हाला लॉटरी लागली, तुमचं कर्ज मंजूर झालं, टकलावर केस उगवतील. हे शेवटचं सासूबाईंना! मला असा संताप आला म्हणून सांगू. मी चाळणी बसवली. ज्या मेलात 'अभिनंदन' असंल, 'तुमची निवड झाली' असंल, 'त्वरित कळवा' असंल, तो दारातच अडवायचा. मराठी, कन्नड, इंग्रजी, तिन्ही भाषांत. आता तुम्हीच सांगा, आजच्या जगात कुणी कुणाचं उगंच अभिनंदन करतंय का?

आन् नुसतं अडवून माझं समाधान होतंय व्हय? आम्ही महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमेवरची माणसं. कुणाला झापायचं तर त्याला कळंल अशा भाषेत झापतो. पण चोराची भाषा कुठली, हे कसं कळणार? म्हणून मी आपोआप जाणारी तीन उत्तरं लिहून ठेवली. एकाच माणसाचा मेल पहिल्यांदा आला की मराठीत समज, दुसऱ्यांदा आला की कन्नडात दम, तिसऱ्यांदा आला की दखनी उर्दूत नीट हजेरी. लिहिताना मलाच गुदगुल्या होत होत्या.

आन् काय सांगू, घर शांत! पंधरा दिवसांत कुणाची तक्रार न्हाई, कुणी पासवर्ड विचारंना, कचरा न्हाई. सेंटरात येईल त्याला मी सांगायची, "डोकं लागतंय त्याला."

आता महादेवीचं ऐका. पोरीनं बी.एड. केलं, चार वर्षं घरात बसली. यंदा हुमनाबादच्या एका शाळेत अर्ज केला. फॉर्म मीच भरला, पत्ता अर्थातच आपल्या सर्व्हरचा. तिनं शिकवून दाखवलं, ते त्यांना आवडलं म्हणे. हेडमास्तर बोलले, मेलवर कळवतो. आमच्या दिरानं मात्र तिला बजावलेलं, "ह्या साली न्हाई जमलं तर अर्ज बंद. कायमचं माझ्या दुकानात बसायचं."

रोज सकाळी ती केस विंचरता विंचरता विचारायची, "अक्का, आला का वो मेल?"

"आला असता तर सांगितलं नसतं का?"

"फोन करून बघू?"

"काय गरज न्हाई! आपण कामून हलकं व्हायचं? असल्याच असतात ह्या शाळा. फुकटात तास घ्यायला लावायचा आन् इसरून जायचं."

दहा दिवस गेले. पोरगी जेवंना झाली. दीर दुकानात तिच्यासाठी खुर्ची कुठं मांडायची ते बघायला लागला. ते बघून माझं टाळकं सरकलं. म्हणलं, "चल महादेवी, नेस साडी. त्या हेडमास्तराला मी सरळ करते."

"नको वो अक्का."

"चल म्हणते ना!"

हेडमास्तरांच्या खोलीत शिरले ते तोंड सुरू करूनच. "साहेब, शिकलेली माणसं ना तुम्ही? एक ओळ लिहून कळवायला हात मोडले का? काय रीत हाय का न्हाई?"

त्यांनी टेबलाच्या खणातनं तीन कागद काढले.

"बाई, आम्ही तीनदा कळवलं. 'अभिनंदन, आपली निवड झाली आहे, त्वरित कळवा.' हे पहिलं उत्तर आलं." आन् ते वाचायला लागले. "'आमच्या घरात सगळे शिकलेले हैत. असल्या थापा दुसऱ्या कुणाला मार.' आम्हाला वाटलं, काही तरी गैरसमज झाला असंल. परत लिहिलं. तर हे आलं, 'नाचिके आगल्वेनु निमगे?' माझ्या आईनंतर मला लाज वाटत नाही का, असं कुणी विचारलं नव्हतं."

मी म्हणलं, "साहेब, तिसरं नका वाचू."

"वाचतो की. 'इधर फिर नक्को आव, मूँ काला करो.' हे आमच्या क्लार्कनं मोठ्यानं वाचलं, सगळ्या स्टाफसमोर." त्यांनी चष्मा काढला. "आज पाच वाजता आम्ही दुसऱ्या बाईंना कळवणार होतो. महादेवीबाई, हे तुम्ही लिहिलंय?"

पोरीची नोकरी माझ्या जिभेनं खाल्ली होती. महादेवीनं माझ्याकडं एकदा बघितलं आन् म्हणली, "सर, आमच्या घरचं मशीन आपोआप लिहितंय ते. बिघडलंय. मी आजच रुजू होते, सांगाल तिथं सही करते."

हेडमास्तरांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना काय ते कळलं असणार, पण माणूस भला. फॉर्म पुढं सरकवून म्हणले, "सही करा. पण शाळेचं सगळं मेलवर चालतं. हा पत्ता मी पुन्हा वापरणार नाही. दुसरा हाय का?"

कुठला असणार? जुने मीच बंद केलेले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात महादेवीनं पेन घेतलं आन् न थांबता, न अडता, त्या फुकट कंपनीचा पत्ता लिहिला.

बसमध्ये बसल्यावर मी विचारलं, "हा मेल कधी काढलास गं?"

ती खिडकीबाहेर बघायला लागली. "पहिल्याच आठवड्यात."

"तुझ्या एकटीचा हाय?"

"सगळ्यांचे हैत अक्का. अप्पांनी पहिल्यांदा काढून घेतला. म्हणले, थोरलीला सांगू नका, लई जीव लावून केलंय तिनं."

"कुणी काढून दिले?"

"मीच. तुमच्या सेंटरात, तुमी दुपारी जेवायला गेल्यावर."

मला एकदम घरातली ती शांतता कळली. म्हणलं, "मग मी इतके दिवस कोनाड्यातल्या त्या डबड्याला इन्व्हर्टर लावून कुणाची टपाल राखत बसले होते?"

"तुमचीच की वो, अक्का."