मामाच्या एकतीस पायऱ्या

माझा मामा गवंडी. तोंडाने फाटका, पण हात सोन्याचा. कुणाची भिंत जरा वाकडी दिसली की भर रस्त्यात ओरडायचा, "अरे, डोळे मिटून बांधलीस काय?" त्यामुळे गावात त्याच्याशी धड बोलणारं माणूस शोधावं लागायचं.

नदीवरच्या पायऱ्या त्याच्याच. एकतीस. दगडात दगड असा बसवलेला, की सांध्यात नख शिरायचं नाही. घरी पाहुणा आला की त्याला चहाआधी पायऱ्या बघाव्या लागायच्या!

आमची नदी म्हणजे सरहद्द, पलीकडे दुसरा देश. एका पुरात ती मैलभर पलीकडे सरकली. पायऱ्या कोरड्या पडल्या. जुन्या पात्रापलीकडच्या मोकळ्या जमिनीवर बारा घरं उठली, त्यातलं एक आमचं. मामानेच बांधलेलं.

वीस वर्षांनी दोन्हीकडचे साहेब मोजणीला येणार असं कळलं. नदी पूर्वी जिथून वाहायची, तीच सरहद्द धरणार. म्हणजे आमची बारा घरं परक्या देशात! जुनं पात्र गाळाने भरून त्याची शेतं झाली होती. खूण उरली होती ती फक्त पायऱ्यांची. आई मामाकडे जाऊन बसली. "दादा," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्तरीचा मामा पहार घेऊन पायऱ्यांवर हजर. मी मदतीला गेले तर खेकसला, "हात लावलास तर बघ!" नऊ दिवस एकटा खपला. दगड उपसले, घडीव आहेत हे कळू नये म्हणून एकेकाची कड फोडली. मला बघवेना. आमच्यासाठी चाललंय म्हणून जास्तच बघवेना.

साहेब आले. नदी आधी कुठून वाहायची, असं म्हाताऱ्यांना विचारत विचारत मामापाशी थांबले. त्याच्या हातांचे घट्टे बघून एकाने विचारलं, "गवंडी दिसता. नदीवर कधी काही बांधलंत?"

सगळं गाव मामाकडे बघायला लागलं.

"नदीवर? छे हो, साहेब," मामा म्हणाला. "ते काम अवघड. मला कुठलं जमतंय?"

साहेबांनी ते लिहून घेतलं, खाली मामाचा अंगठा घेतला. जुन्या पात्राची खूणच सापडेना, म्हणून त्या जबाबावर आत्ताची नदीच सरहद्द धरली आणि आमची घरं अलीकडे राहिली. मामाच्या कामाची सरकारदरबारी तेवढीच नोंद आहे: गवंडी, नदीचं काम जमत नाही.