संगीताचा खाडा

संगीता जाऊन पंधरा दिवस झाले होते. मी मेसमध्ये डाळ निवडत बसलो होतो, तर नांदेडहून फोन आला. एका मोठ्या मेसमालकाचा माणूस होता. म्हणाला, "त्या मॅडम त्या दिवशी आल्याच नाहीत. साहेब अर्धा तास थांबले. असं बरं दिसतं का?" मी त्याला जे बोललो ते पेपरच्या पुरवणीत छापता यायचं नाही. साहेब अर्धा तास थांबले म्हणे... आमची पोरगी चाकूरच्या पुढं रस्त्यात उभ्या केलेल्या उसाच्या ट्रॉलीवर जीप आदळून गेली, आणि साहेबाचा अर्धा तास वाया गेला.

संगीता माझ्या बायकोची, सुमनची, भाची. औशाकडच्या गावात भूकंप झाला तेव्हा वर्षाचीबी नव्हती. आई गेली, ही वाचली. कशी वाचली ते मला विचारू नका, लोकांनी सांगून सांगून त्याची पार गोष्ट करून टाकली हाय. भेटायला येणारा प्रत्येक जण तेच म्हणतो, "भूकंपातनं वाचली ती ह्याच्यासाठी का?" मला टाळकं फोडावंसं वाटतं. भूकंपाला मालक नव्हता. ट्रॉलीला होता. तिला मागं लाल दिवा नव्हता, आणि ते कोणाचं तरी काम होतं.

सुमननं तिला लातूरला आणली आणि पोटच्यासारखी वाढवली. पुढं शहरात क्लासेस वाढले, चाकूर, धर्माबाद, कुठून कुठून पोरं यायला लागली, आणि आम्ही मेस टाकली. मी सातवी शिकलेलो, मला भाजी आणायचं कळतं. पोरगं जेवायला येणार नसलं की त्या दिवसाचा खाडा. पण पोरं आधी सांगायची नाहीत. साठ जणांचं करावं, तर पंचेचाळीस यायचे. उरलेल्या पोळ्या टाकताना सुमन रडायची. भूकंपानंतर शेडमध्ये ही पोरगी कडेवर घेऊन ती अन्नाच्या रांगेत उभी राहिली होती. तिला अन्न टाकवत नसे.

संगीता नांदेडला कॉम्प्युटर शिकली, पुण्याला नोकरीला लागली, आणि एक दिवस ती सोडून आली. म्हणे मेसवाल्यांसाठी काहीतरी बनवते. एकटीच. धान्याच्या खोलीत, ज्वारीच्या पोत्यांच्या मधी तिनं पत्र्याचं टेबल टाकलं. पाव्हणे विचारायचे, "पोरगी करते काय?" मी म्हणायचो, "टाइप करून राहिली." मला तरी कुठं कळत होतं! आधी मोठ्या फोनवर चालणारं बनवलं. सहा महिने गेले त्यात. मग सुमननं सांगितलं, "अगं, क्लासवाले पोरांना तसला फोन ठेवू देत नाहीत. बटणाचा असतो त्यांच्यापाशी." तिसऱ्या दिवशी संगीतानं सगळं मोडून नवीन सुरू केलं. ज्याला दिवसभर जेवायचं नाही त्यानं सकाळी आठच्या आत एका नंबरला मिस्ड कॉल द्यायचा. खाडा लागला. नाही दिला तर तो जेवायला हाय. साडेआठला मालकाच्या फोनवर आकडा येणार, आज ताटं इतकी.

सुरू केलं त्या दिवशी आकडा आला, अकरा. आम्ही अकराचं केलं. दुपारी साठच्या साठ पोरं दारात! नंबर चालतो का बघायला बहुतेकांनी मिस्ड कॉल देऊन बघितला होता. सुमननं खिचडी टाकली आणि हसून हसून भिंतीला टेकली. "तुझं मशीन हुशार हाय गं, पोरं येडी हायत." संगीता पोरांना ताटं वाढत होती आणि तिचे कान लाल झाले होते. दुसऱ्या दिवशी तिनं नीट केलं. खाडा लागला की पोराला उलट फोन जाऊन तिच्याच आवाजात सांगणार, आणि चुकून लागला असंल तर परत मिस्ड कॉल द्यायचा.

मग ती दारोदार फिरली. मेसवाले म्हणायचे, "एकदाच काय ते घ्या की ताई, दर महिन्याला कशाला?" ती म्हणायची, "तुम्ही पोरांकडून एकदाच घेता का?" एकोणीस मेस झाल्या. कोणाचं बंद पडलं की सगळे हिलाच फोन करायचे, दुसरं होतंच कोण? मधी सुमन वारली, त्या दिवशीसुद्धा एक जण म्हणाला, "ताई, दुःख हाय, पण आज आकडा आला नाही."

नांदेडच्या साहेबाच्या सात मेस. तीनदा गेली, तीनदा "साहेब बाहेर हायत". चौथ्यांदा बोलावलं तेव्हा ती म्हणाली, "मावसा, हा मला फुकट फिरवून राहिला. फोनवर दाखवते म्हणते त्याला, सगळं दिसतं." आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "धंदा समोर बसून होत असतो. लग्नासाठी फोनवर पोरी बघतात का लोक? पेढे घे आणि जा." बसला उशीर होता. मीच म्हणालो, काळी-पिवळी जीप पकड, येळेवर पोच. चपलेत पाय घालता घालता ती म्हणाली, "खाडा नाही घालत हं, रात्री जेवायला हाय मी."

त्या साहेबाच्या नावानं मी दिलेल्या शिव्या खोट्या नाहीत. पण त्यानं नुसतं बोलावलं. घराबाहेर मी काढली.

आता मेसमध्ये पोरं त्रेपन्न आणि कोणाचाच खाडा नसला की सकाळी आकडा येतो चौपन्न. रोज एक जास्त. तपासायला म्हणून पहिला नंबर तिनं स्वतःचाच घातला होता. तो काढायचा कसा ते तिलाच ठाऊक. तिचा फोन पोलिसांनी परत दिला, काच फुटलीय, पण चालतो. शेजारचे मास्तर म्हणाले, "ह्याच्यावरून रोज एक मिस्ड कॉल द्या, आकडा बरोबर येईल." आठच्या आधी मी तो फोन हातात घेतो. खाड्याचा नंबर कुठला, बटण कुठलं, सगळं शिकून घेतलंय. आठ वाजतात. ठेवून देतो.

रात्री पोरं उठली की एक ताट वाढलेलं उरतं. टाकायचं तर नाही. मग मी बसतो, आणि तिच्यावर, त्या साहेबावर, माझ्यावर चिडत चिडत शेवटच्या घासापर्यंत खातो.