डाव्या हाताची भिंत

खांबाले हात लावला म्हणून मले कोणी मारलं नाही. खांब धुतला.

मी सात-आठ वर्षांची असन. मेहकरकडच्या आमच्या गावात देशमुखाचा वाडा होता. माय तिथं शेण-माती कालवून बाहेरच्या भिंती पोताराले जाये. ओसरीच्या सागवानी खांबावर मोर कोरेल होता. त्याच्या चोचीवर मी बोट ठेवलं, एवढंच. देशमुखाच्या घरच्या मोठ्या बाईनं खांबावर बादलीभर पाणी ओतलं, वरून गोमूत्र शिंपडलं. अन् मायले म्हणली, "पोरीचे हात बांधून आणत जा."

दुसऱ्या दिवशी मायनं खरंच बांधले. सुतळीनं, पाठीमागं. दिवसभर मी अंगणात तशीच बसली. माशी बसली तं मान हलवू हलवू उडवली. तवा मले राग आला तो मायचा. मोठ्या बाईचा नाही. याची लाज मले अजून वाटते.

माय डावखुरी. मोठी बाई म्हणे, डाव्या हातानं पोतारलं का घराले बरकत राहत नाही. म्हणून तिच्यापुढं माय उजव्या हातानं करे, अन् बोलणे खाये, का भिंत खडबडीत झाली. गोठ्याकडं मात्र मोठी बाई फिरकत नव्हती. तिथल्या भिंतीवर मायचा डावा हात मोकळा सुटे. एकावर एक कमानी, अशा का पाहत राहावं.

आता मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण हाय. यंदा लोणारची सहल निघाली. हेडमास्तर म्हणले, रस्त्यात देशमुखाचा तो वाडाही पाहून घेऊ, आता दुरुस्त करून लोकायसाठी उघडला. मी पोरायची यादी लिहाले घेतली.

मोठ्या बाईचा नातू स्वतः वाडा दाखवत होता. गोड बोलणारा माणूस. पोरायले म्हणला, लावा हात खांबाले, पाहा सागवान कसं गार लागते. सगळ्या पोरायनं मोराच्या चोचीवर बोटं ठेवली. मी हात मागं धरून उभी.

मंग त्यानं गोठ्याकडं नेलं. तीच भिंत. छपराखाली म्हणून टिकेल होती. पुढं काच, वर दिवा, खाली पाटी: 'आमच्या आजीच्या हातचं सारवण.'

मी विचारलं, "तुमची आजी डावखुरी होती काय?"

तो हसला. "छे हो मॅडम. आमच्याकडे डाव्या हाताचं काम चालतच नव्हतं."

"मंग या कमानी पाहा," मी म्हणली अन् डावा हात हवेत भिंत पोतारल्यावानी फिरवला. कमानी हाताबरोबर वळत गेल्या; उजव्या हातानं त्या उलट्या कलल्या असत्या. "हे काम माह्या मायचं हाय. गयाबाईचं. तुमच्या आजीनं तिच्या पोरीचे हात बांधाले लावले होते. ती पोरगी मी."

त्याचा आवाज खाली आला. पोरायपुढं जुनं काऊन उकरता, आत चला, चहा घेऊ, म्हणला. हेडमास्तरनं कोपर टोचलं. "मॅडम, आपण पाहुणे हाओत."

कायचे पाहुणे? ज्या घराची भिंत माह्या मायनं लिपली, तिथं मी पाहुणी? पोरायले तिथंच बसवलं अन् सगळं सांगतलं. खांब, गोमूत्र, सुतळी. दाराजवळ अभिप्रायाची वही होती. पानोपानी 'अप्रतिम, अप्रतिम'. मी लिहिलं: 'पाटी खोटी हाय. ही भिंत गयाबाईनं पोतारली.' खाली सही केली, शाळेच्या नावासकट.

हेडमास्तर दोन दिवसांपासून बोलत नाहीत. न बोलोत. पुढच्या सालीही सहल तिथंच नेईन, त्याच्या पुढच्या सालीही. पाटी बदलत नाही तोपर्यंत दर वर्षी नवी पोरं त्या भिंतीपुढं बसतील अन् मी तेच सांगीन.

अन् तो मोर. त्याले मी हात लावला नाही. लावा म्हणून परवानगी देणारे तुम्ही कोण? पाटीवर मायचं नाव लागन त्या दिवशी लावीन, कोणालेच न विचारता.