पाच दुकानं आणि टाचणीबाई

खोटं गिऱ्हाईक होणं हा माझा धंदा होता. हसू नका. तीस वर्षं शाळेत पेपर तपासून घरी बसलेल्या बाईनं करायचं तरी काय? नवऱ्याशी भांडावं, तर तो ऐकूच येत नसल्याचं सोंग करतो. उंची कपड्यांच्या एका कंपनीची शहरात पाच दुकानं होती. पाटी एकच, भाव तेच, हँगरसुद्धा तेच. मी साधं गिऱ्हाईक बनून जायचं, कपडे घालून बघायचे आणि घरी येऊन प्रत्येक दुकानाचा फॉर्म भरायचा. कोणाला कळता कामा नये.

त्या खेपेला कंपनीच्या साहेबांनी बजावलं होतं, "बाई, तुमचे फॉर्म फार गोड गोड असतात. सगळेच पास! यंदा जरा कडक बघा. ज्या दुकानाला सगळ्यात कमी गुण, तिथला एक माणूस कमी करायचाय." म्हणजे मला ठाऊक होतं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे मी स्वतःलाच पाठीशी घालीन.

पाचही ठिकाणी मी एकच हिरवं जाकीट घालून बघायचं ठरवलं. चौकातल्या दुकानात दार उघडायला माणूस, आत अत्तराचा घमघमाट. जाकीट अंगात जातंय न जातंय तोच मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमच्यासाठीच शिवलंय!" मॉलमधल्या दुकानातला आरसा किंचित मागे कललेला, त्यात मी आपोआप दहा किलोनं उतरले. तिथेही ते माझ्यासाठीच शिवलेलं. नदीकाठच्या दुकानात माझ्या चपला बघून दहा मिनिटं कोणी ढुंकून पाहिलं नाही, पण पर्स उघडताच तेच वाक्य. हॉटेलखालच्या चौथ्या दुकानात कॉफी मिळाली आणि कॉफीबरोबर पुन्हा तेच.

पाचवं दुकान जुन्या बाजाराच्या टोकाला. गालिचा झिजलेला, ट्रायल रूमची कडी धड लागत नव्हती. कपडे बेतून देणारी बाई तिथे होती, पन्नाशीची, ठेंगणी. मनगटाला टाचण्यांची गादी आणि वर दोन टाचण्या ओठांत. दुकानात सगळे तिला टाचणीबाईच म्हणत. जाकीट घालून मी बाहेर आले, तशी तिनं ओठांतल्या टाचण्या काढल्या.

"नका घेऊ, ताई."

"का हो?"

"डावा खांदा उतरलाय तुमचा. बरीच वर्षं ओझं वाहिलंत ना?"

वह्यांच्या पिशव्या! माझ्या नवऱ्याच्यासुद्धा हे कधी लक्षात आलं नव्हतं. मग तिनं मी घालून आलेला जुना कोट मागितला. "द्या बघू तो इकडे. बसा पाच मिनिटं." पाचाची पंधरा झाली, कारण ती काम करता करता बोलत होती. एकोणीस वर्षं याच दुकानात होती. नजर अधू झालेली, त्यामुळे रोज सकाळी लेक दहा सुयांत दोरा ओवून द्यायची. "अकरावं गिऱ्हाईक आलं की माझी पंचाईत," म्हणाली आणि खुदकन हसली. ही नोकरी आहे म्हणून लेकीचं शिक्षण चाललंय, हेही तिनंच सांगितलं. कोटाच्या डाव्या खांद्यात तिनं आतून एक लहानशी गादी बसवली. आरशात बघते तर मी सरळ! पैसे विचारले, तर हात झटकून म्हणाली, "एक सुई गेली, बस."

घरी येऊन फॉर्म भरायला बसले. प्रश्न नववा: कर्मचाऱ्याने गिऱ्हाइकाला खरेदीपासून परावृत्त केले का? प्रश्न दहावा: कामाच्या वेळेत दुकानाबाहेरचे काम केले का? मी दोन्हींपुढे 'होय'वर खूण केली. खाली शेऱ्याच्या चौकटीत तिचं नावानिशी कौतुक केलं, चांगलं आठ ओळी. 'अशी माणसं आता मिळत नाहीत' वगैरे. मनाची समजूत घातली, की खरं तेच तर लिहिलंय. पण खरं सांगू? साहेब फक्त खुणा मोजतात, शेरे वाचत नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. नदीकाठच्या उद्धट पोरींना मी पास केलं होतंच की! पण ते 'गोड गोड' मला झोंबलं होतं. मलाही कडक होता येतं हे दाखवायचं होतं, आणि नेमकी हीच बाई सापडली.

आठवड्यानं साहेबांचा फोन आला. "वा, बाई! याला म्हणतात फॉर्म!"

"शेरा वाचलात ना?"

"कसला शेरा?"

मी "काही नाही" म्हणाले आणि फोन ठेवला. तेव्हाच भांडायला हवं होतं. एरवी भाजीवाल्याशी तासभर हुज्जत घालते मी!

महिन्यानं कसाबसा धीर केला आणि जुन्या बाजारात गेले. टाचणीबाई नव्हती. काउंटरवरच्या मुलीनं दबक्या आवाजात सांगितलं, मागच्या गल्लीतल्या लाँड्रीत बसते. वाटेत मी तीनदा मनातल्या मनात घोकलं, "तो फॉर्म मी भरला होता. मला माफ करा." लाँड्रीत इस्त्रीच्या वाफेत, भिंतीला टेकवलेल्या मशीनवर ती चादरींच्या कडा शिवत होती. मला बघून तिचा चेहरा फुलला.

"अगंबाई! ताई, तुम्ही? शोधत आलात?"

"तुमची नोकरी..."

"गेली की. कंपनीनं म्हणे खोटं गिऱ्हाईक पाठवलं होतं. हसली असेल, गोड बोलली असेल आणि घरी जाऊन माझं नाव लिहून मोकळी झाली." तिनं चादर फिरवून घेतली. "कोण होती, काही आठवत नाही बघा. लेकीचं कॉलेज सुटलं, तीही इथेच येते दुपारची. पण माझं काही चुकलं असेल, तर त्या बाईनं तोंडावर सांगायचं होतं ना, ताई? मी काय खाल्लं असतं तिला?"

आता बोल, बये, आता बोल, असं मी स्वतःला बजावलं. तोंडही उघडलं.

"काय एकेक माणसं असतात हो!" मी म्हणाले.

हे मी म्हणाले. मी! टाचणीबाईनं "जाऊ दे" म्हणत मान हलवली, स्टुलावरचे कपडे उचलून बाजूला ठेवले आणि मला बसायला जागा करून दिली.