सवाल नंबर सतरा आणि तुळजाबाईचा कंदील

हैदराबादच्या मजलिसीचं एक छापील पुस्तक माझ्या ट्रंकेत आहे. कायदे करणारी मजलिस, बरं का. सत्तेचाळीस सालच्या एका बैठकीचं कामकाज त्यात उर्दूत छापलंय. एकशेबारावं पान उघडलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्या पानावर एका मेलेल्या माणसाला चोर म्हटलंय आणि त्याच्या खाली कंसात लिहिलंय, कहकहा. म्हणजे हशा. सभागृह हसलं, तेवढं मात्र मेल्यांनी इमानदारीनं लिहून ठेवलंय.

तो मेलेला माणूस म्हणजे भूमजवळच्या ईट गावचा उत्तरेश्वर. मला सांगायचंय ते त्याच्या बायकोबद्दल, तुळजाबाईबद्दल. मी मैमुना, तेव्हा ईटच्या मुलींच्या शाळेत उस्तानी, म्हणजे मास्तरीण होते. तुळजाबाई माझ्या शेजारची, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, अंगानं काटकुळी आणि जिभेनं तिखट.

तिला सगळं गाव ओळखायचं ते तिच्या कंदिलामुळं. आमच्या भागात ज्वारी पेवात ठेवायची रीत. जमिनीत दोन पुरुष खोल खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं. आत ज्वारी भरायची, वर दगड ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. सहा सहा महिने पेव बंद राहतं आणि आतली हवा मरते. उघडल्याबरोबर जो उतरेल तो जिता वर येत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून पेव उघडलं की आधी तुळजाबाईला बोलावणं जायचं. हे काम तिच्या बापाचं, तो गेल्यावर तिच्याकडं आलं. ती दोरीला कंदील बांधून हळूहळू आत सोडायची. पेवाच्या गळ्याशी थांबायची, मग पोटात, मग बुडाशी. प्रत्येक ठिकाणी एक भाकरी भाजून होईल एवढा वेळ. ज्योत टिकली तर माणूस उतरणार. विझली तर पेव उघडं टाकून सगळे घरी, उद्या पुन्हा बघू. पाटलानं घाई केली तरी ती बधायची नाही. "ज्वारी कुठं पळून चाललीय व्हय?" म्हणायची. बावीस वर्षांत तिच्या कंदिलामागून उतरलेला एकही माणूस दगावला नव्हता.

शेहेचाळीसच्या दसऱ्याच्या सुमाराला शिपाई घेऊन लेव्हीचा साहेब आला. लेव्ही म्हणजे सरकारनं शेतकऱ्याकडून सक्तीनं घ्यायचं धान्य. साहेबाला दुपारपर्यंत ईट उरकायचं होतं, पुढं त्याची कुठं तरी मेजवानी होती. त्यानं पहिलंच बोट दाखवलं ते उत्तरेश्वरच्या पेवाकडं. दगड सरकवला. तुळजाबाईनं कंदील सोडला. तो गळ्याशीच विझला.

"साहेब, आज न्हाय. उद्या सकाळी," ती म्हणाली.

"वाऱ्यानं विझला असेल," साहेब म्हणाला. "पुन्हा लाव."

पेवाच्या आत वारा! अरे, तुझ्या डोक्यात तरी काही आहे का नाही? तिनं पुन्हा लावला, पुन्हा विझला. साहेब म्हणाला, "तुमचे हे बहाणे मला पाठ आहेत. उद्यापर्यंत थांबलो की रातोरात पेव रिकामं कराल." मग उत्तरेश्वरकडं छडी करून म्हणाला, "तू उतर. नाहीतर तुझ्या बायकोला भूमच्या कचेरीत नेऊन बसवतो."

उत्तरेश्वर गरीब माणूस. कुणाशी मोठ्यानं बोललेला मी ऐकला नाही. बायकोचं नाव निघालं तशी त्यानं दोरी कमरेला बांधली. तुळजाबाईनं त्याचा दंड धरला होता, तो शिपायांनी सोडवला. तो आत गेला. दोरी जरा वेळ हलली आणि मग हलेना. वर ओढला तेव्हा त्याचे ओठ जांभळे पडले होते. मी शाळा सोडून तिथं धावत गेले होते, मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

त्यावर चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसं झालं. साहेबानं तिथंच पंचनामा केला. लपवलेलं धान्य हलवण्यासाठी इसम आपल्या मर्जीनं पेवात उतरला आणि मेला. खाली गावातल्या पाच पंचांचे अंगठे. एकालाही वाचता येत नव्हतं, हे खरं. पण समोर काय घडलं ते डोळ्यांना दिसत होतं ना? पाचही जण मूग गिळून बसले. त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

दहावं-तेरावं झालं, आणि तुळजाबाईला पेवावर बोलावणं बंद झालं. नवऱ्याच्या वेळी हिचा कंदील कुठं होता, असं बायका पाणवठ्यावर बोलायला लागल्या. ते तिच्या कानावर गेलं. एका दुपारी ती माझ्या दारात येऊन बसली.

"उस्तानीबाई, तुमाला सरकारची भाषा येती," ती म्हणाली. "अर्ज लिवा. मला ज्वारी परत नगं, पैका नगं. माजा मालक चोर न्हवता. कंदील इझला हुता, म्या सांगितलं हुतं, आन् साहेबानं त्यास्नी उतरिवलं. एवढं सरकारच्या कागदावर येऊ द्या."

मी लिहिला. सरकारी नोकर होते, तरी लिहिला. भूमला गेला, धाराशिवला गेला. उत्तर कशाचं! तेवढ्यात मजलिसीची बैठक भरणार असं कळलं. काँग्रेसवाल्यांनी निवडणुकीवर बहिष्कार घातलेला, त्यामुळं ज्यांना कुत्रं विचारत नव्हतं ते मेंबर होऊन बसले होते. आमच्या बाजूचे हिंमतराव त्यांतलेच एक. त्यांना विचारायला एक सवाल पाहिजे होता, आम्हाला विचारणारा पाहिजे होता. ते म्हणाले, "विचारतो की. तुम्ही लिहून द्या." मी लिहून दिला. त्याला नंबर पडला सतरा.

तुळजाबाई म्हणाली, म्या येणार. कुर्डुवाडीहून वाडी, वाडीहून हैदराबाद, हिंमतरावांच्या सोबतीनं सगळा प्रवास तिनं मांडीवर कंदील धरून केला. तो साहेब लोकांना दाखवायचा होता तिला. विझतो म्हणजे कसा, दोरी कशी धरायची, किती वेळ थांबायचं. दारावरच्या शिपायानं कंदील काढून घेतला. आत राकेल न्यायची मनाई म्हणे. तिनं तो त्याच्या हातात देताना चारदा बजावलं, "काच जपा."

बायकांची बसायची जागा वरच्या बाजूला, चिकाच्या पडद्यामागं. बारीक काड्यांतून खालचं दिसायचं. गालिचे, पंखे, शेरवान्या, उंची अत्तराचा वास वरपर्यंत. कुणी पेंगत होतं, कुणी पान चघळत होतं. सदरसाहेबांनी, म्हणजे सभेच्या अध्यक्षांनी पुकारलं, "सवाल नंबर सतरा." हिंमतराव उठले, नंबर म्हटला आणि खाली बसले. सवाल छापलेला होता, तो वाचून दाखवायचीसुद्धा गरज नव्हती. मग वजीरसाहेब उठले. त्यांनी चष्मा लावला आणि कागदावरून वाचलं.

उत्तरेश्वर नावाच्या इसमाला पेवात उतरायला भाग पाडलं, हे खरं आहे का? जी नहीं.

पेवातल्या हवेबद्दल अंमलदाराला आधी सांगितलं होतं का? पेवातल्या हवेनं माणूस मरतो हा देहाती लोकांचा वहम, म्हणजे खुळी समजूत आहे. पेवात उतरायला कसलाही धोका नाही. सदर इसम धान्यचोर होता.

अंमलदारावर काय कारवाई केली? सवाल पैदा नहीं होता.

सवालच उद्भवत नाही! माणूस मेला, बाईचं कुंकू गेलं, आणि सवाल उद्भवत नाही.

उत्तर झाल्यावर मेंबराला वरचा एखादा पुरवणी सवाल विचारता येतो. वाटेत तुळजाबाईनं हिंमतरावांना तो पढवला होता. ते उठले, घसा खाकरून म्हणाले, "कंदील दोनदा विझला होता, हे सरकारला माहीत आहे काय?" वजीरसाहेबांनी उत्तर देण्याआधीच मागच्या बाकावरून एक मेंबर म्हणाला, "माचिस नहीं थी क्या?"

सगळं सभागृह हसलं. सदर हसले. वजीरसाहेब चष्मा पुसत हसले. आणि आमचे हिंमतरावही हसले. शुक्रिया म्हणून खाली बसले. मग सवाल नंबर अठरा, कुठल्याशा पुलाचा.

तुळजाबाईनं माझ्या कोपराला हात लावला. सगळं उर्दूत चाललेलं, तिला फक्त आपल्या नवऱ्याचं नाव कळलं होतं. "काय म्हनले?"

मी म्हणाले, "चौकशी करू म्हणाले."

तिनं चिकाला डोळा लावून पुन्हा खाली पाहिलं. मग म्हणाली, "आन् मग हसले कशाला?"

मग मी तिला सगळं सांगितलं. चोर म्हणाले, वहम म्हणाले, काडीपेटीवरून हसले. तिनं सगळं ऐकून घेतलं. रडली असती तर बरं वाटलं असतं मला. ती उठली, खाली जाऊन शिपायाकडून कंदील घेतला, काच निरखून पाहिली आणि म्हणाली, "चला."

परतीच्या वाटेवर ती एकच बोलली. "पेवात धोका न्हाय, असं खरंच म्हनला त्यो? लिवलंय तसं?"

"छापून येईल," मी म्हणाले.

आलं की. दोन महिन्यांनी हिंमतरावांनीच पुस्तक पाठवलं, गड्यासोबत. स्वतःचं नाव छापलंय ते मला दाखवायचं होतं त्यांना. त्या नावाखाली तांबड्या शाईनं रेघ मारली होती. निर्लज्जपणाला काही सीमा? मी ते चुलीतच घालणार होते, पण तुळजाबाईनं माझ्या हातातून घेतलं. त्या पानात ज्वारीचं एक पातं खूण म्हणून ठेवलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. लागंल."

त्या साली हिंदू-मुसलमानांत गावोगाव हवा बिघडत चालली होती. बाई, तुम्ही कुणाच्या बाजूच्या, असं मला येताजाता विचारायला लागले होते लोक. मी म्हणायची, तुळजाबाईच्या. तर दिवाळी झाली आणि लेव्हीचा साहेब पुन्हा ईटला आला. तोच, तीच छडी. तुळजाबाईनं माझ्याकडं निरोप धाडला, पुस्तक घेऊन या.

मी पोचले तेव्हा तिच्या पेवाचा दगड नुकताच सरकवला होता. ते पाच पंच होते, निम्मं गाव होतं. ती पेवाच्या काठाशी बसली होती. साहेबानं तिच्या दिराला उतरायला सांगितलं, तशी ती उठली.

"त्यास्नी कशाला, साहेब? तुमीच उतरा." मग माझ्याकडं वळली. "उस्तानीबाई, वाचा."

मी एकशेबारावं पान वाचलं. मजलिसीचं नाव, तारीख, सवाल, वजीरसाहेबांचं उत्तर, शब्दाला शब्द. पेवात उतरायला कसलाही धोका नाही. मग मराठीत सांगितलं, म्हणजे पंचांनाही कळावं.

"तुमच्याच सरकारनं छापलंय," तुळजाबाई म्हणाली. "धोका न्हाय. उतरा, आन् मोजून घ्या ज्वारी. सगळी तुमची."

तिनं कंदील पेटवला, दोरीला बांधला आणि आत सोडला. सगळे वाकून बघत होते, साहेबसुद्धा. गळ्याशी ज्योत बारीक झाली, निळी पडली आणि गेली.

तिनं दोरी वर ओढली. विझलेला कंदील साहेबाच्या पायाशी ठेवला.

"वारा असंल, साहेब," ती म्हणाली. "उतरा."

साहेबानं पेवाकडं पाहिलं. एक पाऊल पुढं टाकलं, खरंच टाकलं. मग थांबला. कपाळावरचा घाम पुसला आणि दोन पावलं मागं सरला. निम्म्या गावानं ते पाहिलं. त्या गर्दीतलं एकही माणूस हसलं नाही.

"तुमाला ठावं हाय," तुळजाबाई त्याला म्हणाली. "तवाबी ठावं हुतं."

साहेब शेपूट घालून मोटारीत बसला आणि ज्वारी न घेता गेला. मग पंचांतला सगळ्यात म्हातारा, बलभीम, माझ्यापुढं येऊन खाली बसला. म्हणाला, "बाई, लिवा. साहेब उतरला न्हाय, म्हनून लिवा. आन् मागल्या खेपंला आमी खोटा अंगठा दिला, तेबी लिवा." मी पुस्तकाचंच मागचं कोरं पान फाडलं आणि लिहिलं. पाचही जणांनी अंगठे उठवले. बलभीमचा अंगठा तुळजाबाईनं स्वतः धरून शाईत बुडवला.

तो कागद मी हैदराबादला पाठवला नाही. त्यांच्या हसण्यासाठी पुन्हा काही पाठवायची माझी तयारी नव्हती. मी पान वाचलं ते साहेबानं वर कळवलं असणार, कारण महिन्याभरात माझी बदली परंड्याला झाली. पुढं पोलीस ॲक्शन झाली, मजलिस गेली, वजीर गेले. त्यांचं पान मात्र छापील आहे, कुठल्या तरी कचेरीत नीट बांधून ठेवलेलं असेल आणि त्यात उत्तरेश्वर अजून चोरच आहे. याचा राग माझ्या मनातून जात नाही, आणि जाऊही नये.

तुळजाबाई त्यानंतर वीस वर्षं जगली. शेवटपर्यंत ईटमध्ये कुणाचंही पेव उघडलं तरी माणूस उतरण्याआधी तिला बोलावणं जायचं.