पाटावरचं पीठ

माझी आई गेली तेव्हा ‘देवाघरी गेली’ असं लेकीला सांगायचं नाही, हे आम्ही दोघांनी ठरवलेलंच होतं. आजी आता कुठेच नाही, असं सांगितलं. तिने मान हलवली.

गेलेल्या माणसासाठी रात्री पीठ पसरून ठेवलं की सकाळी त्यात पावलं दिसतात, हे तिला शेजारच्या काकूंनी सांगितलं.

“आपण पसरूया?”

“कुणी येत नसतं गं,” तिचा बाबा म्हणाला.

“मग पसरायला काय हरकत आहे?”

मी पाटावर मूठभर कणीक पसरली.

सकाळी ती पाटावर ओणवी झाली. “खरंच कुणी नाही आलं,” म्हणाली आणि दप्तर घेऊन शाळेत गेली.

मला अजून रडू आलेलं नाही. कणीक झाडून टाकली. ती उठायच्या आधी मी दोनदा बघून गेले होते.