ताटलीभोवतीच्या सह्या

मे महिन्यात बहारीनला जाऊ नका, असं सगळेच सांगतात. मी गेले, कारण ताईने तिकीट पाठवलं होतं आणि फुकटचं सोडायची आमच्या संगमेश्वरात पद्धत नाही. ताई-भाऊजी सनद नावाच्या उपनगरात राहतात. भाऊजी राजधानी मनामाच्या सीफ भागातल्या एका टॉवरवर सिक्युरिटी सुपरवायझर आहेत.

पहिले दोन दिवस मनामाचा बाजार, किल्ला, सकाळी गरम खुब्ज, म्हणजे तिथली रोटी, आणि करक चहा यात गेले. बस स्वस्त आहे, तीनशे फिल्सात, म्हणजे सत्तरेक रुपयांत काम होतं. पण थांब्यावर सावली मिळेलच असं नाही. टोपी न्याच.

तिसऱ्या दिवशी भाऊजींच्या गाडीतून सीफला गेले. मॉल उघडायला वेळ होता, म्हणून त्यांच्या टॉवरच्या गेटपाशी थांबले. तिथल्या गार्डने स्वतःची खुर्ची छत्रीखाली सरकवून दिली. जोसेफ, केनियाचा. आत एसीत सगळे गार्ड आपले भारतीय आणि गेटवर, पार्किंगमध्ये सगळे आफ्रिकन. असं का, विचारलं तर तो हसला.

"ऑफिस बोलता है, काला आदमी को धूप नहीं लगता. सिस्टर, धूप सबको लगता है."

त्याचे वडील चहाच्या मळ्यात मजुरांची युनियन चालवायचे. त्यांच्याकडून शिकलेली युक्ती त्याने मोबाइलवर दाखवली. आतली ड्यूटी सर्वांना आळीपाळीने द्या, असा अर्ज होता. खाली ताटली उपडी ठेवून काढलेला गोल आणि त्याभोवती सह्या, म्हणजे पहिली कुणाची ते कळू नये. एका बाजूला जागा कोरी होती.

"इंडियन भाई लोग के लिए," तो म्हणाला. त्यांच्यापैकी एकानेही सही केली नव्हती. अर्ज तसाच ऑफिसात गेला होता.

शुक्रवारी ताईने सुरमई तळली. जेवताना मी भाऊजींना म्हटलं, तुम्ही तरी सही करायची.

"आधी उन्हात आम्हीच होतो," भाऊजी म्हणाले. "हे लोक कमी पगारात आले, तेव्हा आम्ही आत गेलो. आता परत बाहेर उभा राहू?"

"पण त्या जोसेफचं डोकं बघा! गोलाची कल्पना त्याचीच." उचलली जीभ लावली टाळ्याला.

भाऊजींचा घास हातातच राहिला. हा अर्ज कुणाच्या डोक्यातून आला, एवढंच ऑफिस त्यांना आठवडाभर विचारत होतं, हे ताईने मला नंतर भांडी विसळताना सांगितलं. मी धावत बाहेर आले.

"भाऊजी, पाया पडते, मी बोललेच नाही असं समजा."

"नाव नाही दिलं तर माझा व्हिसा जाईल. पोरीची शाळा आहे इथे." ते माझ्याकडे बघत नव्हते.

रविवारी गेटवर दुसराच गार्ड होता. परतताना गाडीत मी विचारलं, तेव्हा भाऊजी म्हणाले, "त्याला कामावरून काढून घरी केनियाला पाठवलं. खलास, आता तो विषय नको." विमानतळावर त्यांनी माझी बॅग उचलून दिली आणि मला त्यांचाही राग धड करता आला नाही.

घरी येऊन महिना झाला. मैत्रिणी बहारीनची माहिती विचारतात, मी बस, टोपी, खुब्ज सांगते. जोसेफचं सांगत नाही, लाज वाटते. एवढ्या लोकांनी ताटलीभोवती सह्या करून जे नाव जपलं, ते मी सुरमई खाता खाता सांगून टाकलं.